शनिवारची संध्याकाळ
सेवकांच्या मैत्रीविषयीं धडा

वाचावें : निर्गम १७:८–१३, मार्क ६:७, प्रेषितांचीं कृत्यें १५:३६–४०, २ तीमथ्य ४:११.

मंडळींतील लोक आपलें दुःख पाळकापाशीं नेतात; परंतु पाळकानें आपलें दुःख कोणापाशीं न्यावें? लहान गांवांत एकटा राहणारा उपदेशक हा प्रश्न मनांतल्या मनांत विचारितो, पण तोंडानें बोलत नाहीं. आपण थकलों असें म्हटल्यास लोक आपणांस अल्पविश्वासी समजतील, अशी त्यास भीति वाटते. आम्हांस वाटतें कीं, ही भीति बाळगण्याचें कारण नाहीं. प्रभूनें बारा जणांस दोघे दोघे असें पाठविलें. मोशेचे हात जड झाले तेव्हां अहरोन व हूर यांनीं ते दोहों बाजूंनीं धरून ठेविले. देवाच्या मनुष्याचेहि हात जड होतात, हें शास्त्रानें लपविलें नाहीं.

याचें एक उदाहरण बंगाल्यांतील सेरामपूर येथें घडलें. विल्यम केरी १७९३ सालीं हिंदुस्थानांत आले. पुढच्याच वर्षीं त्यांचा पांच वर्षांचा मुलगा पीटर वारला, आणि त्यांच्या पत्नीचें मन भ्रमिष्ट झालें. १७९९ सालीं जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड सेरामपुरास आले, आणि १८०० च्या जानेवारींत केरी त्यांस जाऊन मिळाले. केरी मूळचे जोडे शिवणारे, मार्शमन शाळामास्तर, वॉर्ड मुद्रक. तरी त्यांनीं एक पंगत व एक खजिना ठेविला. केरींचें कॉलेजांतील वेतन आणि मार्शमन पतिपत्नींच्या शाळांचें उत्पन्न त्या एका खजिन्यांत जाई.

शनिवारीं संध्याकाळीं सर्वांनीं एकत्र बसावें, कोणाचें मन दुखावलें असेल तर तें तेथेंच बोलून मिटवावें, व एकमेकांवर प्रीति करण्याचें वचन पुनः द्यावें, असा त्यांचा नियम होता. यांत आम्हांस मोठें शहाणपण दिसतें. आपणांमध्यें मतभेद होणारच नाहींत असें त्यांनीं मानिलें नाहीं. ते होतील हें जाणून त्यांस एक वार नेमून दिला. रविवार उजाडण्यापूर्वीं मनांतील कांटा काढावयाचा!

ता. ११ मार्च १८१२ रोजीं त्यांच्या छापखान्यास आग लागली, आणि केरींचीं कित्येक वर्षांचीं हस्तलिखितें जळून गेलीं. केरी त्या वेळीं कलकत्त्यास होते. मार्शमन स्वतः तेथें गेले व त्यांनीं ही वार्ता केरींस सांगितली. इकडे वॉर्ड राखेंत शोध करीत राहिले. अक्षरांचे ठसे सांपडले, आणि थोड्याच आठवड्यांत छपाई पुनः सुरू झाली. आदल्याच वर्षीं, १८११ सालीं, मराठी नवा करार याच छापखान्यांतून निघाला होता. म्हणून या मैत्रीचें ऋण आम्हां मराठी लोकांवरहि आहे. पुढें मार्शमन यांजवर कठोर टीका झाली, तेव्हां सोबत्यांनीं त्यांस सोडिलें नाहीं. वॉर्ड १८२३ सालीं, केरी १८३४ सालीं व मार्शमन १८३७ सालीं वारले. मृत्यूवांचून त्यांची ताटातूट झाली नाहीं.

दोन उपदेशकांमधील अबोला त्या दोघांपुरताच राहत नाहीं. मंडळीस तो कळतो, आणि घराघरांत पक्ष पडतात. म्हणून बंधूंनो, शेजारच्या गांवांतील सेवकाकडे महिन्यांतून एकदां तरी जा. त्याच्या कामाची विचारपूस आधीं करा, आपलें गाऱ्हाणें मागून सांगा, आणि एकत्र प्रार्थना केल्यावांचून उठूं नका. मात्र मैत्री म्हणजे पाप झांकणें नव्हे. मंडळीच्या पैशांत मित्राचा हात चुकत असेल, तर त्यास प्रथम एकांतीं सांगणें हेंच मित्राचें काम, आणि त्यानें न ऐकल्यास वडिलांपुढें तें सांगणें हेंहि.

ज्यांची मैत्री मोडली आहे त्यांनींहि धीर सोडूं नये. मार्काच्या कारणावरून पौल व बर्णबा विभक्त झाले. पण शेवटीं बंदींत असतां पौलानें त्याच मार्कास आपणाकडे घेऊन येण्यास तीमथ्यास लिहिलें.

विचार करण्यासाठीं प्रश्न :
१. माझे हात जड झाले हें मीं कोणास सांगितलें आहे?
२. कोणाचे हात धरण्यास मीं जावें?
३. येत्या शनिवारीं संध्याकाळीं मीं कोणाचें दार ठोठवावें?