बाथटबची दुरुस्ती : आधी ओल शोधा

जुन्या घरात बाथटबच्या कडेला बुरशी दिसली की गिऱ्हाईक म्हणते, "वरून नवी टाईल मारून द्या." एका कामात आम्ही तेच केले. वर्षभरात टाईल्स सुटल्या, खालच्या घराचे छत ओले झाले आणि सारे काम पदरमोड करून पुन्हा करावे लागले.

आता आमचा क्रम ठरलेला आहे. प्रथम नळ, शॉवरचा पाईप व टबचा निचरा तपासावा. गळती तिथेच बंद करावी. मग मास्क लावून, पाणी शिंपडून, खराब गिलावा विटेपर्यंत काढावा. बुरशीवर नुसता रंग दिल्याने ती जात नाही. भिंत पूर्ण वाळल्यावरच नवा गिलावा करावा आणि त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्यावेत. टब बसवण्यापूर्वी जमिनीवर २४ तास पाणी तुंबवून खालचे छत पाहावे.

शेवटी टब पाण्याने भरून मगच कडेला सिलिकॉन भरावे व ते सुकेपर्यंत पाणी सोडू नये. रिकाम्या टबाला सिलिकॉन भरले तर पुढे पाण्याच्या वजनाने टब खाली दबतो, फट उघडते आणि ओल पुन्हा शिरते.

कारागीर बांधवांनी हा खर्च गिऱ्हाइकाला आधीच सांगावा. एखादे काम हातचे गेले तरी चालेल, नाव जाता कामा नये.