इंग्रजी वाक्प्रचार : शब्द ओळखीचे, अर्थ अनोळखी

आपल्याकडे कोणी पाय ओढणारा असला तर त्याच्यापासून चार हात दूर राहावे असे वडीलधारे सांगतात. तो पुढे जाणाऱ्याला मागे खेचतो. इंग्रज माणूस मात्र ‘आय ॲम पुलिंग युवर लेग’ म्हणाला तर तो केवळ थट्टा करीत असतो. पाय तोच, ओढणेही तेच, पण एकीकडे वैर आणि दुसरीकडे गंमत! अंगठ्याचेही तसेच. आपण अंगठा दाखवतो तो नकाराचा, ठेंग्याचा. इंग्रजीत ‘थम्ब्ज अप’ म्हणजे पसंती. (बँकेच्या काउंटरवर अंगठ्याला तिसराच अर्थ आहे, पण तो शाईच्या पॅडचा विषय झाला.)

आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून आले. २००० सालापासून ते राज्यात पहिलीपासून शिकवले जाते. परंतु शिकण्याची रीत बहुतेक ठिकाणी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचीच राहिली आहे : एका शब्दाला दुसरा शब्द. व्याकरण पक्के होण्यास ही रीत चांगली, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. वाक्प्रचारापाशी मात्र ती अडते. ‘किक’ म्हणजे लाथ, ‘बकेट’ म्हणजे बादली; दोन्ही शब्द येतात, तरी ‘किक द बकेट’ म्हणजे मरणे हे शब्दकोशात एकेक शब्द पाहून कळणार नाही. वाक्प्रचार हा अख्खाच शिकावा लागतो.

पुष्कळ वाक्प्रचारांच्या मागे त्या देशाचे हवापाणी असते. इंग्लंड थंड देश, म्हणून तेथे चांगले ते सारे उबदार. स्वागत ‘वॉर्म’, आणि कोणाला टाळले तर ‘कोल्ड शोल्डर’ दिला असे म्हणतात. आपण उन्हाने होरपळणारी माणसे. आपल्या जिवाला गारवा हवा असतो. ‘सेव्ह फॉर अ रेनी डे’ हे त्याहून मजेचे. अडचणीच्या दिवसासाठी चार पैसे बाजूला ठेवावेत, एवढाच त्याचा अर्थ. पण जालन्याच्या शेतकऱ्याला पावसाचा दिवस अडचणीचा कसा वाटावा? १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला आणि २०१३ साली ज्यांनी टँकरपुढे हंडे मांडले, त्यांचा अडचणीचा दिवस कोरडाच असतो. मुलांना हा वाक्प्रचार शिकवताना इंग्लंडमधील पाऊस आधी सांगितला पाहिजे.

काही बोली शब्द तर आपल्याच मातीतून तिकडे गेले आहेत. नाशिकजवळच्या देवळालीला इंग्रजांच्या काळात गोऱ्या सैनिकांची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले सैनिक मायदेशी जाण्यासाठी तेथे बोटीची वाट पाहत. बोटी ठराविक हंगामातच सुटत, त्यामुळे कित्येकांना महिनोन्‌महिने रिकामे बसावे लागे. ऊन, ताप, दारू आणि रिकामपण यांनी डोकी फिरत. त्यावरून सैनिकांच्या बोलीत ‘डूलाली टॅप’ हा शब्द आला. डूलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. आजही इंग्लंडमध्ये ‘ही हॅज गॉन डूलाली’ म्हणजे त्याचे डोके फिरले. लाहोरच्या वाचकाला नव्हे, आपल्याला हा शब्द आधी कळायला हवा! ‘मंगूस’ हाही आपल्या मुंगुसावरूनच गेला, आणि ‘चिट’ म्हणजे चिठ्ठी.

आता खरी जोखीम सांगतो. वाक्प्रचाराचा अर्थ कळला म्हणजे तो कोठेही वापरता येतो असे नाही. आपण शोकसभेच्या पत्रकात ‘कालकथित’ लिहितो. तेथे ‘गचकला’ लिहिले तर घरचे लोक काय म्हणतील? ‘किक द बकेट’ हे इंग्रजीतले गचकणे आहे. सांत्वनपत्रात ते चालणार नाही. ‘गाइज’, ‘गॉना’, ‘वॉना’ हे मित्रांत ठीक, अर्जात नाही. माझे मत विचाराल तर बोलीचे शब्द कानाने पुष्कळ ओळखावेत आणि जिभेवर थोडेच आणावेत.

उलट काही वाक्ये अगदी सभ्य असतात आणि तीच अधिक फसवतात. आमच्या ओळखीच्या एका मुलाला पुण्यातील मुलाखतीत शेवटी ‘वुई विल गेट बॅक टु यू’ असे सांगण्यात आले. त्याने ते वचन समजून दोन महिने पोस्टमनची वाट पाहिली आणि त्या भरवशावर दुसऱ्या एका जागेची शेवटची तारीख जाऊ दिली. कळवू म्हणणारे कधी खरोखर कळवतातही. परंतु पुष्कळदा ते सौम्य शब्दांतले ‘नाही’ असते. वधूवरांच्या बोलण्यात आपण ‘विचार करून सांगतो’ म्हणतो, त्याचाच हा भाऊ. ‘आय ॲम अफ्रेड’ने सुरू होणाऱ्या वाक्यात भीती नसते, नकार असतो.

हे शिकावे कसे? कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेत वाक्प्रचार विचारतात, म्हणून मुले गाइडमधील यादी घोकतात. त्या यादीतील ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ गुण मिळवून देईल, बोलण्यात मात्र क्वचितच भेटेल. त्यापेक्षा क्रिकेटचे इंग्रजी समालोचन कानावर पडू द्यावे. खेळ आपल्याला ठाऊक असतो, त्यामुळे ‘ऑन द बॅक फूट’ म्हणजे बचावात जाणे हे समजावे लागत नाही. ‘स्टम्प्ड’ म्हणजे निरुत्तर झालेला, हेही लगेच पटते. नवा वाक्प्रचार भेटला की वहीत पूर्ण वाक्य लिहावे आणि शेजारी कोणी, कोणाला, कशा प्रसंगी म्हटले ते टिपावे. नुसता अर्थ टिपलेली वही परीक्षेनंतर रद्दीत जाते.

आणि समोरचा बोललेले कळले नाही तर मान डोलावू नये. ‘सॉरी, आय डिडन्ट फॉलो’ एवढे म्हणावे. येथे ‘फॉलो’ म्हणजे मागे जाणे नव्हे, समजणे.