वेचणी सोडून उपवास-प्रार्थनेला यावं का?

प्रश्न : माझी सहा एकर कपाशी आहे. वेचणीच्या दिवसांतही मंडळीतले काही जण म्हणतात, ‘संसारात गुंतलास, स्वर्गाकडे लक्ष नाही.’ मन खातं. काय करू?
– एक वाचक, हिंगणघाट

उत्तर : कापूस वेचा. पावसात भिजला तर नुकसान तुमच्या लेकरांचं, आणि मजुरांच्या चुकाऱ्याचंही.

वरील गोष्टींकडे मन लावा, असं पौल कलस्सैकरांना तिसऱ्या अध्यायात सांगतो. पण त्याच अध्यायात पुढे तो नवरा-बायको, आईबाप-मुलं, धनी-चाकर यांच्या वागण्यावर येतो. तो स्वतः करिंथात तंबू शिवत होता. ‘लवकरच प्रभू येणार’ म्हणून काम टाकून बसलेल्यांना थेस्सलनीकाकरांच्या पत्रात त्यानं चांगलंच सुनावलं आहे.

तुमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. जे. सी. कुमारप्पा श्रद्धावान ख्रिस्ती होते, लंडनमध्ये हिशेबतपासनीस झालेले. 1934 मध्ये ग्रामोद्योग संघ निघाला, तेव्हापासून वर्ध्याच्या मगनवाडीत त्यांनी तेलघाणी, हातकागद, गूळ यांत डोकं घातलं. येशूच्या शिकवणुकीवरचं पुस्तकही त्यांनीच लिहिलं, 1945 मध्ये आलेलं, तुरुंगात लिहिलेलं. घाणीचा हिशेब आणि शुभवर्तमान हे त्यांच्या लेखी वेगळे कप्पे नव्हते. (त्यांचा स्वभाव मात्र तापट. संत असण्याची अट कुणालाच नाही.)

उलट बाजूही तपासा. वेचणी संपल्यावरही रविवारी सवड मिळत नसेल, तर अडचण शेताची नाही. मजुरी वेळेवर देता ना? याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय त्यावर फार कडक आहे.

पाळकांना स्पष्ट सांगा : हंगामात प्रार्थना संध्याकाळी ठेवा, मी येतो.