परिचर्येचे मर्म

श्रीचक्रधरस्वामींच्या उत्तरापंथगमनानंतर विरहव्याकुळ नागदेवाचार्य व भक्तजन ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेस राहिले. श्रीप्रभूंची चर्या लोकदृष्टीस वेडसर भासे. क्षणात रोष, क्षणात बालहट्ट. त्यांना विवाहाची प्रवृत्ती झाली, तेव्हा महदाइसांनी आज्ञेप्रमाणे धवळे गाइले. सेव्याची प्रवृत्ती जाणावी, आपली लादू नये, हेच परिचर्येचे मर्म होय. विरही मनांस त्या सेवेतच आधार लाभला. तेथील भोजन, निद्रा, खेळ हे नित्याचे प्रसंगच म्हाइंभटांनी लीळा म्हणून जतन केले.

जीव हा परमेश्वर नव्हे, हा भेद कधीही विसरू नये. तथापि घरातील भ्रमिष्ट वृद्धाने तेच दहादा विचारले असता अकराव्यांदाही शांतपणे उत्तर देणाऱ्याने दास्याचा हा धडा गिरविलाच, असे म्हणावे.