सूर्य पाहिलेली मुलगी

[रे ब्रॅडबरी (१९२०–२०१२) हे अमेरिकेतील विख्यात कथाकार. त्यांची ‘ऑल समर इन अ डे’ ही विज्ञानकथा १९५४ साली प्रसिद्ध झाली. प्रस्तुत पाठात त्या कथेचा परिचय व रसग्रहण आहे.]

मनुष्य पृथ्वी सोडून दुसऱ्या ग्रहावर राहावयास गेला, तर तो बरोबर काय काय नेईल? अन्न नेईल, औषधे नेईल, यंत्रे नेईल. पण या सामानाबरोबर आणखी एक गोष्ट न सांगता त्याच्या मागोमाग जाईल. ती म्हणजे त्याचा स्वभाव. ब्रॅडबरी यांची ही कथा त्या न दिसणाऱ्या सामानाची कथा आहे.

कथा घडते शुक्र ग्रहावर. तेथे अखंड पाऊस कोसळत असतो. पृथ्वीवरून अग्निबाणांतून आलेल्या माणसांनी जमिनीखाली नगर वसविले आहे. सात वर्षांतून एकदाच, तेही अवघे दोन तास, पाऊस थांबतो आणि सूर्य दिसतो. शाळेतील मुले नऊ वर्षांची आहेत. मागच्या वेळी सूर्य उगवला, तेव्हा ती दोन वर्षांची होती. म्हणून त्यांना तो मुळीच आठवत नाही.

याच वर्गात मार्गो ही कृश व अबोल मुलगी आहे. ती पाच वर्षांपूर्वी ओहायोहून आली. पृथ्वीवरील सूर्य तिने पाहिला आहे आणि तिला तो चांगला आठवतो. तिने सूर्यावर लहानशी कविता केली, तर ती तिने रचलीच नाही, असे एक मुलगा म्हणतो. तिचे आईबाप तिला पृथ्वीवर परत नेणार, अशीही कुजबुज आहे. तिचा अपराध एवढाच, की इतरांपाशी नाही ते तिच्यापाशी आहे.

सूर्य उगवण्याचा दिवस येतो. शिक्षिका वर्गाबाहेर असताना मुले मार्गोला उचलून नेतात आणि एका कपाटात कोंडून बाहेरून कडी लावतात. ती रडते, दार ठोठावते. मुले हसत परततात. थोड्याच वेळात पाऊस थांबतो. मुले बाहेर धावतात, उन्हात लोळतात, खेळतात, हर्षाने ओरडतात. एवढ्यात एका मुलीच्या तळहातावर पावसाचा थेंब पडतो. ती तो सर्वांना दाखविते आणि तिला रडू कोसळते. पाऊस पुन्हा सुरू होतो. मग कोणाला तरी आठवते, की मार्गो अजून कपाटातच आहे.

आता कोणी कोणाच्या डोळ्यांस डोळा देत नाही. मघाशी मार्गोला ओढून नेताना जी पावले धावत होती, तीच आता जड होतात. कपाटाच्या आत सारे शांत असते. मुले सावकाश कडी काढतात आणि मार्गोला बाहेर येऊ देतात. येथेच कथा संपते.

मुलांनो, या कथेत दुष्ट राक्षस कोणी नाही. कपाटाला कडी लावणारी मुले तुमच्याआमच्यासारखीच आहेत. कडी लावली तेव्हा आपण मार्गोचे काय हिरावून घेत आहोत, हे त्यांना ठाऊक नव्हते. कारण ऊन म्हणजे काय, हेच त्यांना माहीत नव्हते. दोन तासांनंतर ते पुरते कळले. त्यांना पश्चात्ताप झाला तो कोणी रागावले म्हणून नव्हे, तर कळले म्हणून. परंतु गेलेले ऊन पश्चात्तापाने परत येत नाही. पुढचा सूर्य सात वर्षांनी! मार्गो त्यांना काय म्हणाली, हे लेखकाने सांगितलेले नाही. ते वाचकानेच आपल्या मनाशी ठरवावयाचे आहे.

कथा लिहिली गेली, तेव्हा शुक्राच्या दाट ढगांखाली काय दडले आहे, याचा केवळ तर्क करता येत असे. १९६२ साली ‘मरिनर २’ हे यान शुक्राजवळून गेले आणि १९७० साली ‘व्हेनेरा ७’ त्याच्या पृष्ठभागावर उतरले. आज आपणांस ठाऊक आहे, की तेथील तापमान सुमारे ४६५ अंश सेल्सिअस असून हवेचा दाब पृथ्वीच्या सुमारे ९० पट आहे. ढग गंधकाम्लाचे आहेत व त्यांतील थेंब जमिनीवर पोहोचण्यापूर्वीच वाफ होऊन जातात. कथेतला पाऊस तेथे नाही, अरण्येही नाहीत. शुक्राविषयीची कल्पना चुकीची ठरली. मत्सराविषयी लेखकाने जे लिहिले, ते मात्र आजही खरे आहे.

स्वाध्याय

१. मुलांना मार्गोचा मत्सर का वाटत होता?
२. पावसाचा थेंब पाहून ती मुलगी का रडली असेल?
३. ‘त्यांना पश्चात्ताप झाला तो कळले म्हणून’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
४. विज्ञानाने खोटी ठरविलेली कथा वाचण्यात अर्थ आहे काय? सकारण लिहा.
५. वाक्यांत उपयोग करा : डोळ्यांस डोळा न देणे, रडू कोसळणे, हिरावून घेणे.
६. कपाटाचे दार उघडल्यानंतर काय घडले असेल, ते दहा ओळींत लिहा.