वॉलबी आणि तिचे भाऊबंद

एप्रिल २०२२ मध्यें बंगालच्या जलपाईगुडी जिल्ह्यांत रस्त्याच्या कडेस कांगारू हिंडतांना आढळले व वनखात्यानें ते ताब्यांत घेतले. ही बातमी चित्रांसह घरोघर पोहोंचली, आणि आमच्या वर्गांतील कांहीं मुलांचा असा समज झाला कीं, बंगालच्या रानांत कांगारू राहतात! तसें मुळींच नाहीं. कांगारू, वॉलबी व त्यांचे सर्व आप्त हे ऑस्ट्रेलिया, टास्मानिया व न्यू गिनी या प्रदेशांतील रहिवासी. बंगालांतील तीं जनावरें चोरट्या व्यापारानें आणलेलीं होतीं असा संशय होता. परंतु त्या निमित्तानें मुलांनीं विचारलेल्या एका प्रश्नानें आमची एक जुनी चूक उघडकीस आणली. ती पुढें सांगूं. आधीं या प्राण्याची ओळख करून घेऊं.

कांगारू व वॉलबी हीं एकाच कुळांतील जनावरें होत. त्या कुळाचें शास्त्रीय नांव मॅक्रोपोडिडी, म्हणजे मोठ्या पावलांचे. कोणास कांगारू म्हणावें व कोणास वॉलबी, हा भेद शास्त्रापेक्षां व्यवहारानेंच अधिक ठरला आहे: थोरल्यांस कांगारू, धाकट्यांस वॉलबी. तांबडा कांगारू नर ८५ किलोंपर्यंत भरतो. उलट टॅमर नांवाची वॉलबी १० किलोंच्या आंतच असते, म्हणजे आपल्याकडील एखाद्या वाढत्या करडाएवढी. या टॅमरविषयीं एक नवल असें कीं, गोडें पाणी न मिळाल्यास ती समुद्राचें खारें पाणी पिऊनहि जगूं शकते.

आपल्या नगर जिल्ह्याच्या मुलांस हा प्राणी समजावून सांगण्यास काळविटाचा दाखला फार उपयोगी पडतो. कर्जत तालुक्यांत रेहेकुरी येथें १९८० सालीं काळविटांसाठीं अभयारण्य झालें. तें अवघें २.१७ चौरस किलोमीटरांचें आहे. तेथील माळावर काळवीट जें काम करितो, तेंच काम ऑस्ट्रेलियाच्या माळावर कांगारू व वॉलबी करितात: गवत खावें, शत्रूची चाहूल घ्यावी, आणि पळावें. काम एक, परंतु शरीरें किती निराळीं! काळविटाचे चारी पाय सारखे सडपातळ व खुरांचे. नराच्या मस्तकीं पिळदार शिंगें. वॉलबीस शिंगें नाहींत, खूर नाहींत. तिचे पुढचे पाय हातांसारखे आंखूड व मागचे लांबलचक. शत्रूची चाहूल लागतांच काळवीटहि उंच उड्या घेतो, पण नंतर चौखूर धांवतो. वॉलबीचें धांवणें म्हणजे दोन्ही मागच्या पायांनीं एकदम मारलेल्या उड्याच. तेच पाय पोहतांना मात्र ती एकामागून एक हलविते.

मागचें पाऊल जवळून पाहण्याजोगें आहे. त्यांतील चौथें बोट सर्वांत जाड व लांब. उडीचा सारा भार त्याच्यावर. दुसरें व तिसरें बोट एकाच कातड्यांत जुळलेलीं असून त्यांचीं नखें मात्र दोन सुटीं राहतात, आणि त्यांचा उपयोग अंगावरील केंस विंचरण्याकडे होतो. टांचेच्या मागची शीर जाड व लवचीक असते. बाभळीची ओली फांदी वांकवून सोडली म्हणजे ती जशी उसळते, तशी ही शीर जमिनीवर पाय टेकतांच ताणली जाते व पुढच्या उडीस बळ देते. यामुळें कांगारूनें वेग वाढविला तरी कांहीं मर्यादेपर्यंत त्याचा श्वासाचा खर्च वाढत नाहीं. आपण शाळेच्या मैदानावर धांवून पाहिलें तर आपली गोष्ट किती उलट आहे तें कळेल!

शेपटी ही उडी मारतांना तोल सांभाळते. पण चरतांना, सावकाश सरकतांना, ती चक्क पांचवा पाय होते: पुढचे हात व शेपटी जमिनीवर टेकून मागचे पाय पुढें घेतात. २०१४ सालीं शास्त्रज्ञांनीं तांबड्या कांगारूंवर मोजमाप करून दाखविलें कीं, या चालीत शरीर पुढें ढकलण्याचें जितकें काम पुढचे व मागचे पाय मिळून करितात, तितकें एकटी शेपटी करिते. उन्हाळ्यांत अंग निवविण्यासाठीं ही जनावरें हात चाटून ओले करितात.

आतां पोटाची पिशवी, जिला आपल्याकडील ग्रंथांत शिशुधान म्हटलें आहे. या पिशवीच्या प्राण्यांचा वर्गच निराळा. अमेरिकेंतील ओपोसम हे त्यांचे दूरचे सोयरे. येथेंच आमची चूक.

आम्ही अनेक वर्षें वर्गांत असें सांगत आलों कीं, पिल्लूं जन्मलें म्हणजे आई त्यास ओठांत धरून पिशवींत ठेविते. जुन्या एका पुस्तकांत वाचलें होतें. पडताळून पाहिलें नव्हतें. गेल्या वर्षीं मेंढपाळाच्या घरचा एक विद्यार्थी उठून म्हणाला, "सर, आमचं कोकरू तर तासाभरांत पायांवर उभं राहतं. तुम्ही म्हणतां हें पिल्लूं दाण्याएवढं. मग आईच्या ओठांत तें चिरडत कसं नाहीं?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. "उद्यां सांगतों," म्हणून वेळ मारून नेली, व त्या रात्रीं नवीं पुस्तकें काढून बसलों.

खरी हकीकत अशी. काळविटाची मादी सुमारें सहा महिने गर्भ वाहते. तिचें पाडस डोळे उघडे ठेवूनच जन्मतें व कांहीं दिवस गवतांत निश्चल दडून राहतें. तांबड्या कांगारूची मादी अवघे ३३ दिवस गर्भ वाहते, आणि जन्मतें तें एक ग्रॅमहून कमी वजनाचें, शेंगदाण्याएवढें, आंधळें, बिनकेंसाचें पिल्लूं. त्याचे मागचे पाय म्हणजे केवळ कोंब. परंतु हात मात्र आधींच बळकट व नखांचे झालेले असतात. त्या हातांनीं आईच्या पोटावरील केंस धरीत धरीत तें स्वतःच पिशवीपर्यंत चढतें! या प्रवासास कांहीं मिनिटेंच लागतात. आई केंस चाटते खरी, पण पिल्लास उचलीत नाहीं. आंत शिरल्यावर तें एक आंचळ तोंडांत धरितें. आंचळाचें टोंक तोंडांत फुगतें, व पिल्लूं तेथेंच महिनोगणती चिकटून राहतें. साधारण आठ महिन्यांनीं तें पिशवी कायमची सोडतें, पण दूध पिण्यास त्यानंतरहि डोकें आंत घालीतच असतें.

दुसऱ्या दिवशीं हें सर्व फळ्यावर लिहून आम्हीं त्या मुलाचे आभार मानले. पालकांपैकीं कांहीं आमचेच जुने विद्यार्थी आहेत; त्यांनीं आमच्याकडून ऐकलेली ओठांची गोष्ट कृपा करून खोडून टाकावी, व घरीं मुलांस सांगितली असल्यास तीहि दुरुस्त करावी.

त्या रात्रींच्या वाचनांत आणखीहि कांहीं सांपडलें. पहिलें पिल्लूं पिशवींत असतांनाच आईच्या उदरांत दुसरा गर्भ राहतो. पण तो अगदीं सूक्ष्मावस्थेंत थांबून असतो, आणि पहिल्याचें दूध पिणें कमी झालें म्हणजे पुन्हां वाढूं लागतो. मग धाकटें आंत व थोरलें बाहेर अशीं दोघेंहि दूध पितात. नवल हें कीं, एकाच आईचीं दोन आंचळें एकाच वेळीं दोन निराळ्या प्रकारचें दूध देतात, धाकट्यास त्याच्या वयाचें व थोरल्यास त्याच्या वयाचें.

भाऊबंदांपैकीं दोघांतिघांची नोंद करूं. खडकांत राहणाऱ्या वॉलबींचे तळवे खरबरीत व गादीसारखे असतात, म्हणून हरिश्चंद्रगडासारख्या कड्यावरहि त्या सहज उड्या मारतील. त्यांची शेपटी टेकण्याची नव्हे, तोलाची. म्हणून ती जाड नसते. झाडावर राहणारे कांगारूहि आहेत! त्यांचे हात लांब, नखें वांकडीं, आणि मागचे पाय ते वेगवेगळे टाकूं शकतात.

सर्वांत आमच्या आवडीची म्हणजे नखशेपटी वॉलबी. हिच्या शेपटीच्या टोंकास खरोखरच नखासारखें एक टणक टोंक असतें, आणि एका जातीच्या खांद्यांवर लगामासारखे पांढरे पट्टे असतात. ही लगामवाली जात १९३७ नंतर कोणास दिसली नव्हती. ती नामशेष झाली असेंच सर्वांनीं धरलें होतें. १९७३ सालीं क्वीन्सलंड प्रांतांत कुंपण घालण्याचें काम करणाऱ्या एका माणसानें नष्ट झालेल्या प्राण्यांविषयींचा लेख एका मासिकांत वाचला, आणि चित्र पाहून त्यास वाटलें, हें जनावर तर आपण कामावर पाहतों. त्यानें अधिकाऱ्यांस कळविलें. त्यांनीं येऊन पाहिलें, तों ती वॉलबी खरोखरच तेथें चरत होती. पुढें ती जागा तिच्यासाठीं राखून ठेवण्यांत आली. शेपटीवरील त्या नखाचा उपयोग काय, तें मात्र शास्त्रज्ञांस अद्याप उलगडलेलें नाहीं.