आवाजाचा माग

बैलगाडीचे चाक कुरकुरू लागले की गाडीवान गाडी उभी करी आणि आसाला वंगण घाली. कोणते चाक कुरकुरते हे कळण्यासाठी त्याला चारही बाजू खोलून पाहाव्या लागत नसत; कान पुरेसा होता. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७-५८ च्या धामधुमीत झाशीला होते. त्या दिवसांची हकीकत त्यांनी ‘माझा प्रवास’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे. त्यांनी पायी तुडवलेल्या त्या मुलखात आज काश्मीर ते कन्याकुमारी आणि पोरबंदर ते सिल्चर हे दोन मोठे महामार्ग झाशीपाशी एकमेकांना मिळतात. बैलगाडीची जागा जीपने आणि पुढे एसयूव्हीने घेतली. वंगणाला आता ग्रीस म्हणतात. आवाज ऐकून दोष ओळखण्याचे काम मात्र अजूनही माणसाच्या कानालाच करावे लागते.

समजा, झाशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या एका मराठी कुटुंबाकडे दहा वर्षे जुनी एसयूव्ही आहे. खजुराहोला जाणाऱ्या पर्यटकांसाठी ती भाड्याने दिली जाते आणि घरखर्चाचा मोठा भाग तिच्यावरच चालतो. पावसाळा संपता संपता गाडीतून घोंघावल्यासारखा आवाज येऊ लागतो. ताशी ४० किलोमीटरच्या पुढे तो सुरू होतो आणि वेगाबरोबर चढत जातो. गाडी चालवणारा तरुण खात्रीने सांगतो की आवाज मागून येतो. एका गॅरेजात त्याला तत्काळ उत्तर मिळते : डिफरन्शियल गेला, सगळा बदलावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून तो गाडी घेऊन एका वृद्ध मिस्त्रींकडे जातो. परवा सकाळचे भाडे ठरलेले आहे.

मिस्त्रींच्या हाताखाली शाळा अर्धवट सोडलेला एक मुलगा काम शिकत आहे. गाडी आत येताच तो पाना घेऊन पुढे होतो. मिस्त्री त्याला थांबवतात.

पुढचे समजण्यासाठी इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत कशी पोहोचते, ते पाहू. २००० साली आलेली बोलेरो किंवा २००२ साली आलेली स्कॉर्पिओ अशा गाड्यांमध्ये इंजिन पुढे असते आणि ओढ मागच्या चाकांना मिळते. इंजिनाची गती क्लचमधून गिअरबॉक्सकडे जाते. तेथून प्रॉपेलर शाफ्ट नावाची लांब नळी गाडीच्या पोटाखालून मागे जाते. रस्त्याच्या खाचखळग्यांनुसार मागचा आस वरखाली होतो, म्हणून शाफ्टच्या टोकांना वळू शकणारे सांधे असतात. मिस्त्री लोक त्यांना ‘क्रॉस’ म्हणतात. शेवटी डिफरन्शियलमधील पिनियन हे लहान दंतचक्र क्राउन या मोठ्या दंतचक्राला फिरवते आणि गती दोन्ही चाकांत वाटली जाते. या वाटेवरील प्रत्येक सांधा, दात आणि बेअरिंग झिजले की बोलते. परंतु प्रत्येकाची बोली वेगळी असते.

मिस्त्री प्रथम प्रश्न विचारतात. संभाषण अर्थातच हिंदीत होते. त्याचा आशय असा : आवाज गाडी उभी असताना येतो का? क्लच दाबल्यावर बदलतो का? वळणावर वाढतो का? अलीकडे गाडी कोठे नेली होती? तरुण म्हणतो, ‘मिस्त्रीजी, उभ्या गाडीत काहीच ऐकू येत नाही. मागच्या महिन्यात एका फरशी पुलावरून पाणी वाहत होते, त्यातून गाडी काढली होती.’ मिस्त्री मान हलवतात आणि मुलाला वहीत लिहायला सांगतात.

या उत्तरांनी बराच उलगडा होतो. उभ्या गाडीत इंजिन चालू असताना, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून पाय क्लचवरून काढल्यावर आवाज येतो आणि क्लच दाबताच थांबतो, तर संशय गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर जातो. याउलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर क्लचचे रिलीज बेअरिंग तपासावे लागते. येथे यांपैकी काहीच नाही.

मग तिघे जण शहराबाहेर मोकळ्या, सपाट रस्त्यावर जातात. तरुण चालवतो, मिस्त्री डोळे मिटून बसतात. ताशी ६० च्या वेगात गिअर न्यूट्रल केला जातो. इंजिनाचा आवाज खाली येतो, घोंघावणे तसेच राहते. म्हणजे दोष इंजिनात नाही. (ही चाचणी उतारावर करू नये, आणि चावी तर कधीच बंद करू नये, तसे केल्यास ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात.) नंतर ॲक्सिलरेटर दाबून आणि सोडून पाहतात. क्राउन-पिनियनचे दात झिजले असतील तर आवाजाचा सूर सहसा बदलतो : भार असताना दातांची एक बाजू घासते, भार सुटला की दुसरी. येथे सूर जराही बदलत नाही. डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावरही आवाज तोच, म्हणून टायरवरचा संशयही कमी होतो. शेवटी मिस्त्री गाडी अलगद उजवीकडे, मग डावीकडे वळवायला सांगतात. उजवीकडे वळताना आवाज स्पष्टपणे वाढतो. गाडी उजवीकडे वळते तेव्हा तिचा भार डावीकडे झुकतो. दोष डाव्या बाजूच्या चाकाच्या बेअरिंगमध्ये असावा, असा तर्क आता करता येतो.

येथे मुलगा एक चांगली शंका विचारतो. ‘उस्ताद, घोंघावण्याऐवजी टक्-टक् आवाज असता तर?’ तर तो मोजता आला असता, असे मिस्त्री सांगतात. हे मोजणे आपणही करून पाहू. अशा गाडीचे चाक एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर जाते. ताशी ९ किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला अडीच मीटर जाते. म्हणजे चाकाचा सेकंदाला एक फेरा, किंचित अधिक. प्रॉपेलर शाफ्ट मात्र चाकाच्या सुमारे चौपट वेगाने फिरतो. म्हणून त्या वेगात सावकाश, एकेक ‘टक्’ ऐकू आला तर दोष चाकात शोधावा. ‘टकटकटकटक’ अशी घाई असेल तर शाफ्टकडे पाहावे. आणि गाडी सुटताना किंवा पुढून मागे घेताना एकदाच ‘ठक्’ असा धक्का बसत असेल, तर क्रॉस सैल झालेला असण्याचा संभव मोठा. ती उपेक्षेची गोष्ट नव्हे. पुढचा क्रॉस धावत्या गाडीत तुटला तर शाफ्टचे टोक रस्त्यावर पडू शकते.

कानाला हत्याराची जोड देण्याची कल्पना जुनी आहे. १८१६ मध्ये पॅरिसच्या लॅनेक नावाच्या डॉक्टरने कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीचे ठोके ऐकले आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्मला. मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक यंत्रावर टेकवून मूठ कानाशी धरतात, तीही तीच युक्ती होय. झाशी हे तर रेल्वेचे गाव. मालडब्यांच्या दुरुस्तीचा जुना कारखाना येथे आहे. गाडीच्या चाकांवर हातोडी मारून ती खणखणतात की बद्द वाजतात, हे ऐकण्याची रीत रेल्वेत फार पूर्वीपासून होती.

गॅरेजात परतल्यावर उटी लावून गाडीची डावी बाजू उचलली जाते. नुसत्या जॅकवर भरवसा न ठेवता खाली भक्कम घोडी ठेवली जाते. मिस्त्री मागचे चाक हाताने फिरवतात. ते गुळगुळीत फिरते. मग ते पुढच्या चाकाकडे जातात. एका हाताने चाक फिरवून दुसरा हात स्प्रिंगवर ठेवतात आणि मुलाचा हात तेथे ओढून घेतात. वाळूवरून दळणाचे जाते फिरावे तशी खरखर हाताला लागते. चाक वरखाली हलवल्यावर किंचित खेळही जाणवतो. आवाज मागून येतो असे तरुणाला वाटत होते, ते खोटे नव्हते. लोखंडी सांगाड्यातून आवाज दूरवर जातो आणि जेथे तो मोठा होऊन ऐकू येतो, ते त्याचे उगमस्थान असतेच असे नाही.

बेअरिंग उघडल्यावर ग्रीसमध्ये पाणी शिरून ते राखाडी, पातळ झालेले दिसते. गोळ्यांच्या मार्गावर गंज आहे. फरशी पुलावरचे पाणी! असे बेअरिंग तसेच पळवले असते तर ते तापून चाक जाम होण्याची भीती होती. पाणी मागच्या आसातही शिरले असेल, म्हणून मिस्त्री डिफरन्शियलचे थोडे ऑईल काढून पाहतात. ते दुधाळ झालेले नाही, त्यात लोखंडाचा कीसही नाही. जो भाग बदलायचा म्हणून सांगितले होते, तो धडधाकट आहे.

संध्याकाळी नवे बेअरिंग आणि नवे सील बसवून गाडी पुन्हा त्याच रस्त्यावर जाते. घोंघावणे थांबले आहे. तरुण सुटकेचा श्वास टाकतो आणि गाडी वळवण्यासाठी मागे घेतो. तोच खालून बारीकसा ‘ठक्’ ऐकू येतो. इतके दिवस तो मोठ्या आवाजाखाली दडून राहिला होता. मिस्त्री मुलाकडे पाहतात. मुलगा खिशातून वही काढतो आणि तरुणाला विचारतो, ‘भैया, हा फक्त मागे घेतानाच येतो, की गाडी सुटतानाही?’